डाव्या बाजूचा ब्रेक

नागपूरच्या इंदोरा भागात राहणारे भैय्याजी गणवीर यांनी जन्मभर जे काम केले, त्याला नोकरी म्हणता येत नाही, कारण त्या कामात मालकही तेच होते आणि नोकरही तेच. त्यांची मोटार चालवणे शिकवणारी शाळा होती. शाळा म्हणजे एक पांढरी जुनी मोटार, तिच्या टपावर बसवलेली पाटी आणि डाव्या आसनावर बसलेले स्वतः भैय्याजी. तारुण्यात ते ट्रकवर क्लीनर होते. तेथील उस्तादाने त्यांना बोटांवर पाना मारून गाडी शिकवली. आपण कोणाला शिकवू तेव्हा मारायचे नाही, असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला आणि तो पाळला.

मारायचे नाही, तर मग चुकणाऱ्याला आवरायचे कसे? त्यासाठी त्यांनी पांढऱ्या मोटारीत डाव्या आसनासमोर आणखी एक ब्रेक बसवून घेतला होता. शिकणाऱ्याच्या हातून गाडी सुटू लागली की भैय्याजी तो ब्रेक दाबत आणि शांतपणे म्हणत, "घाबरू नोको, मी हावो ना." या ब्रेकमुळे त्यांचे खरे नाव फार थोड्या लोकांच्या ध्यानात राहिले. बाकी सारे त्यांना ब्रेकवाले काका म्हणत.

त्यांच्या शाळेची एक रीत होती आणि ती सरकारी परीक्षेहून कठीण होती. शिकवणी संपण्याच्या दिवशी भैय्याजी आपले बूट काढून मागच्या आसनावर ठेवत, पाय वर घेत आणि डाव्या आसनावर चक्क मांडी घालून बसत. मग शिकणाऱ्याने त्यांना इंदोऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत, तेही संध्याकाळच्या गर्दीत, घेऊन जायचे. व्हरायटी चौकात ऑटोवाले तीन बाजूंनी अंगावर येतात. तो चौक पार होईपर्यंत भैय्याजींची मांडी मोडली नाही, तर तो माणूस तयार झाला. पुढे त्याला परवाना मिळाला की लोक परवान्याची गोष्ट विचारत नसत. "काकानं मांडी घातली का?" एवढेच विचारत.

किती जणांसाठी भैय्याजींनी मांडी घातली, याचा हिशेब नाही. परंतु एका व्यक्तीसाठी ती कधीही घातली गेली नव्हती. ती व्यक्ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, रोशनी.

रोशनी त्याच पांढऱ्या मोटारीत शिकली आणि चांगली शिकली. शेवटच्या दिवशी भैय्याजींनी बूट काढले, पाय वर घेतले. कमाल चौक येण्याआधीच पाय आपोआप खाली गेले आणि ब्रेकवर ठेवले गेले. समोर धोका काहीच नव्हता. पुढच्या आठवड्यातही तसेच झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी बूट काढलेच नाहीत. "आज गुडघा दुखून राहिला," असे ते म्हणाले. रोशनीने पुन्हा कधी आग्रह धरला नाही. मात्र टोमणा मारायची संधी तिने सोडली नाही.

"त्या जितेंद्रले मांडी देल्ली बाबानं," ती आईला ऐकवायची. "दुसऱ्याच दिवशी त्यानं पानठेल्यात गाडी घातली. अन् मले नाही देल्ली."

पुढे रोशनी मेट्रो चालवू लागली. दररोज हजारो माणसे तिच्या पाठीमागे निर्धास्त बसून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागली. भैय्याजींना याचा अतिशय अभिमान होता. एकदा ते मुद्दाम तिच्या गाडीत बसले. सीताबर्डीचे स्थानक आले, गाडी मंद होऊ लागली, आणि भैय्याजींनी उजवा पाय जोराने खाली दाबला.

"काका," शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "माया पायावर पाय देल्ला तुम्ही."

ही हकिकत त्यांनी घरी सांगितली नाही. रोशनीला ती कळली नाही.

अशा या घरात एके दिवशी रोशनीने सांगितले की तिला एक मोटार घ्यायची आहे. मोटार जुनी आहे. दोनच दारांची, बसकी, वेगवान अशी ती गाडी दक्षिणेत कोइमतूरकडे रेसिंग ट्रॅकवर धावलेली आहे.

भैय्याजींनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे शर्यतीची गाडी?"

"शर्यतीची नाही बाबा. रस्त्याचीच हाय. पण मालक तिले सुटीच्या दिवशी ट्रॅकवर नेत होता."

"म्हणजे निचोडून टाकली तिले. रस पिऊन झाल्यावर चोथा इकून राहिला तो तुले."

"महादेवराव मेकॅनिकनं रॅम्पवर चढवून पाह्यली. इंजिन चांगलं हाय म्हणाले."

"मेट्रो हाय ना तुयाजवळ! येवढी मोठी गाडी चालवते, अजून काय पाह्यजे?"

रोशनीने मान हलवली. मग म्हणाली, "मेट्रोत वळण माह्यं नसते बाबा. वळण रूळ घेते. मी फक्त पुढं बसून राह्यते."

भैय्याजींनी बशी परत उचलली. रोशनी पुढे म्हणाली, "तुम्ही हाव म्हटलं तं घेईन. नाही म्हटलं तं विषय बंद. तुमच्या नाराजीत मी ते गाडी चालवू नाही शकत."

ती आत गेल्यावर भैय्याजींच्या पत्नी कांताबाई पोळीचे पीठ मळता मळता म्हणाल्या, "साऱ्या नागपूरची पोट्टी तयार केली तुम्ही. घरच्या पोरीच्या वेळी तुमचा पाय काहून थरथरते?"

"पाय नाही थरथरत. सावध राह्यते."

"सावध राह्यते! तिच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नाचत होती तवाबी खुर्चीखाली पाय दाबून राहिले होते तुम्ही. मी पाह्यलं."

दिवाळीनंतरच्या एका थंड सकाळी बापलेक खापरखेड्याला गेले. गाडीचा मालक विहंग हा तेथील वीजकेंद्रात अभियंता होता. वसाहतीतल्या क्वार्टरसमोर, चिमणीच्या राखेपासून वाचवण्यासाठी ताडपत्री घातलेली ती गाडी उभी होती. विहंगने ताडपत्री ओढली. गाडी गडद निळी होती आणि इतकी ठेंगणी की भैय्याजींना तिचे छत कमरेच्या थोडेच वर भासले.

"बसून हाय का उभी हाय?" त्यांनी विचारले.

विहंग हसला. तो मोकळ्या स्वभावाचा होता. घरात बाळ आले होते आणि गाडीत मागे आसनच नव्हते, म्हणून तो ती विकत होता. त्याने काहीही लपवले नाही. नाकाडावर रंग टवके उडाल्यासारखा का दिसतो, हे त्याने दाखवले. ट्रॅकवर पुढच्या गाड्यांच्या चाकांतून रबराचे तुकडे उडतात आणि ते तिथे येऊन आदळतात. एकदा ओल्या ट्रॅकवर गाडी गरगर फिरून वाळूत गेली होती. तेव्हा पुढचा बंपर आणि चाकामागचा एक दांडा बदलावा लागला, तेही त्याने आपणहून सांगितले.

"म्हणजे आपटलेली हाय," भैय्याजी म्हणाले.

"आपटली नाही काका, वाळूत रुतली. वाळू त्यासाठीच टाकतात तिथं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात. समोरून कोणी येत नाही. बैल नाही, ऑटो नाही. अँब्युलन्स दारात उभी. खरं सांगू? मला तिथं जेवढी भीती नाही वाटली, तेवढी इथं कामठी रोडवर वाटते."

भैय्याजींना हे म्हणणे पटावे असे वाटत नव्हते, परंतु ते पटले. ते गाडीभोवती फिरले. चाकांच्या जाळीतून दिसणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांवर त्यांनी बोट फिरवले. ट्रॅकवर झिजलेल्या काढून नवीन घातल्याचे विहंगने सांगितले.

"ब्रेक मात्र कडक आहे हं काका," तो म्हणाला. "आपल्या साध्या गाडीसारखा मऊ नाही. दाबला तर लाकडावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. पण धरतो जबरदस्त."

गाडीत दोघांपुरतीच जागा असल्याने विहंग घरी थांबणार होता. त्याने भैय्याजींना डाव्या आसनात बसवले. आसन होडीसारखे खोल होते. त्याने त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून रुंद पट्टे घेऊन छातीवर आवळले. भैय्याजींना ना पुढे वाकता येईना, ना खाली पाहता येईना.

"बरोबर बसले काका. मी ट्रॅकवर नवीन होतो तेव्हा शिकवणारे सर इथंच बसायचे."

शिकवणारे सर. हे शब्द ऐकताच भैय्याजींचा उजवा पाय समोरच्या पाय ठेवायच्या अंधाऱ्या जागेत, पायठाणात, पुढे सरकला आणि त्याला समोर धातूची एक पट्टी लागली. पट्टी उभी, किंचित तिरपी आणि पायाच्या तळव्याएवढी होती. त्यांनी हळूच दाबून पाहिले. लाकडासारखी कडक. भैय्याजींच्या मनाला एकदम विसावा मिळाला. सर जिथे बसतात तिथे सरांचा ब्रेक असणारच. यात विचारण्यासारखे काय आहे? उलट, विचारले असते तर मुलगी हसली असती.

रोशनीने गाडी सुरू केली. गाडी गुरगुरली. वसाहतीच्या फाटकाजवळचा गतिरोधक येताच भैय्याजींनी पट्टी दाबली आणि गाडी अलगद मंद झाली. ब्रेक खरोखरच उत्तम होता.

पारशिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी तुरीची शेते होती आणि मागे वळून पाहता आले असते तर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या असत्या. कोळशाचे ट्रक मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. रोशनीने वेग वाढवला. भैय्याजींच्या पाठीला आसनाने धक्का दिला. रेल्वेचे फाटक आले. त्यांनी दाबले, गाडी मंद झाली. नदीवरचा अरुंद पूल आला. त्यांनी थोडे आधीच दाबले, गाडी थोडी आधीच मंद झाली. पुलापलीकडे रस्ता वळणावळणाचा होता. प्रत्येक वळणाअगोदर ते पाय दाबत आणि वळणाच्या मध्यावर सोडत, आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी वळणातून बाहेर पडे.

त्यांना आता भीती वाटत नव्हती. फार दिवसांनी काम करताना वाटते तसे समाधान वाटत होते. त्यांनी तिरपे पाहिले. रोशनीचे डोळे पुढे लागलेले होते आणि ओठ किंचित उघडे होते. लहानपणी ती सायकल शिकताना तिचा चेहरा असाच होत असे.

तेवढ्यात एका शेतातून कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावर आली. ट्रॅक्टरवाल्याने उजवीकडे पाहिलेच नाही. भैय्याजींनी सर्व बळ एकवटून पट्टी दाबली. पट्टे छातीत रुतले. गाडी जराही न भरकटता, सरळ रेषेत, ट्रॉलीच्या बरीच अलीकडे थांबली. कापसाचा एक झुबका उडून काचेवर बसला.

ट्रॅक्टरवाल्याने खाली पाहिले. "बावा! केवढीशी गाडी हाय ही! दिसलीच नाही गा मले."

"उतरून हात लावून पाह्य, मंग दिसन!" भैय्याजी आतून ओरडले. ट्रॅक्टरवाला हसत निघून गेला.

रोशनीने गाडी पुढच्या बाभळीच्या सावलीत घेतली आणि बंद केली. तिचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. भैय्याजी मात्र प्रफुल्लित झाले होते.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "पाह्यलं ना? मी नसतो तं ट्रॉलीत कापूस पिंजत बसली असती तू!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? टायमावर दाबला मी. फाटकाजवळबी मीच दाबला, पुलाजवळबी. पण गाडी चांगली हाय हां. मायं काही म्हणणं नाही आता. घेऊन टाक."

रोशनीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

"घे म्हणतो ना. हाव म्हणतो मी. फकस्त येक अट हाय. हा इकडचा ब्रेक काढाचा नाही. अन् पयलं वर्ष मी बाजूले बसन. मंग कुठी जायचं तिथी जा."

आता पोरगी आनंदाने ओरडेल, आईला फोन लावेल, असे त्यांना वाटले. तसे काही झाले नाही. रोशनी किल्लीशी चाळा करत राहिली. काचेवरचा कापूस वाऱ्याने हलत होता. हिला झाले तरी काय, हे भैय्याजींना कळेना.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "इकडं ब्रेक नाही."

"काय म्हणते?"

"तुमच्या बाजूनं ब्रेक नाही हाय. पट्टे सोडा. खाली उतरून हात लावून पाहा."

"मले ब्रेक शिकवते काय वं तू?"

पण त्यांनी पट्टे सोडले. खोल आसनातून बाहेर पडण्यास वेळ लागला. ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पायठाणात हात घातला. ॲल्युमिनियमची एक पट्टी होती. तिला खाचा पाडलेल्या होत्या आणि ती खाली पत्र्याला स्क्रूने पक्की बसवलेली होती. तिच्या मागे दांडा नव्हता, तार नव्हती, काहीही नव्हते. भैय्याजींनी तळहाताने जोर लावला. पट्टी तसूभर हलली नाही. ती वळणावर बाजूच्या माणसाने पाय रोवून बसावे, एवढ्यासाठीच होती.

त्यांनी डोके आणखी आत घातले. मग आतूनच त्यांचा आवाज आला. "येवढा येळ उल्लू बनवून राहिली मले?"

"मले काय माहीत तुम्ही दाबून राहिले म्हणून! विहंगनं मागच्या खेपेला सांगितलं होतं, हे पाय टेकवाची पट्टी हाय म्हणून. तुम्ही आत्ता बोलले तवा समजलं मले."

"मंग काहून सांगितलं? मी तं हाव म्हटलं होतं."

रोशनी खाली उतरली. गाडीला वळसा घालून ती त्यांच्याजवळ आली आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, ड्युटीला जाताना घालते त्या काळ्या बुटांवर, उकिडवी बसली.

"तुमचा हाव त्या ब्रेकले होता बाबा," ती म्हणाली. "मले नव्हता."

भैय्याजी उठले. गुडघ्यांची माती न झटकताच ते आल्या रस्त्याने थोडे मागे चालत गेले. जिथे ट्रॉली आडवी आली होती तिथे डांबरावर चाकांचे दोन आखूड काळे पट्टे उमटले होते, आणि ते पट्टे सरळ होते. भैय्याजी त्यांच्याकडे पाहत उभे राहिले.

फाटकाजवळ त्यांनी पाय दाबला होता आणि गाडी मंद झाली होती. याचा अर्थ, त्याच क्षणी तिनेही दाबला होता. पुलाच्या थोडे आधी तिनेही दाबला होता. वळणाच्या मध्यावर तिनेही सोडला होता. त्यांच्या पायाने जे जे केले, ते ते सर्व दुसऱ्या एका पायाने केले होते, आणि गाडी फक्त त्या दुसऱ्या पायाचे ऐकत होती.

मग त्यांना पांढरी मोटार आठवली. तिथे तर खरा ब्रेक होता. रोशनी शिकत असताना त्यांनी तो कितीदा दाबला असेल! त्या प्रत्येक वेळी तीही दाबत असेल काय? ती दाबणार होती किंवा नव्हती, हे त्यांना कधीच कळणे शक्य नव्हते, कारण त्यांचा पाय अगोदर पोहोचत होता. त्यांनी जिला आयुष्यभर सांभाळले, ती स्वतःला सांभाळू शकते की नाही, हे पाहण्याची जागाच त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती. बाकीच्यांसाठी त्यांनी मांडी घातली होती, कारण बाकीचे पुढच्या चौकात उतरून आपापल्या घरी जाणार होते.

हा विचार सोपा नव्हता आणि तो त्यांनी घाईने केला नाही. एक मोटारसायकलस्वार थांबून "काका, काही हरवलं का?" असे विचारून गेला. भैय्याजींनी नुसता हात हलवला.

ते परत आले तेव्हा रोशनी काचेवरचा कापूस काढत होती. "चला, त्याची गाडी परत देऊन येऊ," एवढेच ती म्हणाली, आणि आपल्या आसनावर जाऊन बसली.

भैय्याजी दाराजवळ उभे राहिले. त्यांनी एक हात छतावर टेकवला, एक पाय उचलला आणि बूट काढला. मग दुसरा. मोज्यांचा बोळा करून बुटात कोंबला. नंतर ते त्या होडीसारख्या आसनात उतरले आणि पाय वर घेऊ लागले. आसन अरुंद होते. एक गुडघा दाराला अडला, दुसरा गिअरच्या दांड्याकडे गेला.

"बाबा, काय करून राहिले?"

"दांडा सांभाळ तू तुया."

मांडी काही जमली नाही. ते दमले. अखेरीस त्यांनी पाय पुढे लांब सोडले, एक टाच गाडीच्या तळावर टेकवली आणि पट्टीपासून दूर, पायावर पाय अशी घडी घातली. दोन्ही बूट त्यांनी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरले. रोशनीने वाकून त्यांचे पट्टे बांधले. बांधताना तिचे डोके त्यांच्या हनुवटीपाशी आले, आणि ती तोंड लपवत आहे हे त्यांना कळले. पण त्यांनी कळले नाही असे दाखवले.

"चाल," ते म्हणाले. "अन् हळू चालवाचं नाही मायासाठी. जशी आली तशी चाल."

ती आली तशीच गेली. पहिल्या वळणाला भैय्याजींच्या पायाची बोटे आखडली. पुलाजवळ त्यांनी बूट घट्ट धरले. फाटकाजवळ एक शेळी उगाच पळाली आणि त्यांची पोटरी ताठ झाली. परंतु घडी मोडली नाही. गाडी मंद झाली, थांबली, शेळी गेली, गाडी निघाली. यांतील कोणत्याही गोष्टीत भैय्याजींचा हात किंवा पाय नव्हता. त्यांनी प्रथमच मुलीला गाडी चालवताना पाहिले. ती चांगली चालवत होती. वळणात शिरताना ती जराशी हसत होती, हेही त्यांना आजच दिसले.

खापरखेड्याला विहंग बाळाला कडेवर घेऊन फाटकात उभा होता. भैय्याजी अनवाणी, हातात बूट घेऊन गाडीतून निघाले, तेव्हा तो चकित झाला.

"काका, बूट का काढले? काही त्रास झाला का गाडीत?"

"येकच त्रास हाय," भैय्याजी म्हणाले. "मांडी घालाले जागा नाही तुमच्या गाडीत. बाकी गाडी चांगली हाय. पोरगी घेऊन राहिली."

विहंगला यातील अर्धेच समजले. रोशनीला सर्व समजले. तिने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. पलीकडून कांताबाईंनी पहिलाच प्रश्न गाडीविषयी विचारला नाही.

"तुया बाबाचा पाय कसा हाय वं?"

रोशनीने वडिलांकडे पाहिले. ते क्वार्टरच्या पायरीवर बसून, बुटात कोंबलेला मोजा शोधत होते.

"थंडा पडला असन आई," ती म्हणाली. "उघडाच होता."